‘चार्ज’ लागला म्हणजे नेमकं काय लागलं?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातून तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वडिलांनी विहीर आणि पाईपलाईनसाठी बँकेचं कर्ज काढलं होतं. आता भावाभावांच्या वाटणीसाठी कागद गोळा करताना एक इंग्रजी पत्र हाती लागलं. त्यात शेताच्या सर्व्हे नंबरापुढे ‘चार्ज क्रिएटेड’ असं लिहिलंय. गल्लीतल्या एका शहाण्याने ‘चार्ज म्हणजे आरोप’ असं ठणकावून सांगितलं आणि तेव्हापासून वडिलांचं जेवण तुटलंय. ‘बँकवाल्यानी माझ्यावर केस घातलीया’ म्हणून बसलेत. तुम्ही शब्दकोश उघडलात तर अर्थांची रांगच लागली. म्हणून शेवटी विचारलंत, की या शब्दाचा खरा, मूळ अर्थ कोणता आणि त्याला मराठीत एकच एक शब्द आहे का.

आधी वडिलांना जेवायला बसवा. ‘चार्ज क्रिएटेड’ हे जमिनीबद्दल लिहिलंय, वडिलांबद्दल नाही. आपण ज्याला उताऱ्यावरचा बोजा म्हणतो तोच हा. कर्ज काढलं तेव्हाच तो चढला असणार आणि वडिलांनी तेव्हा त्यासाठी सहीसुद्धा केली असणार. केसचा यात संबंध नाही. आता हे मी पत्र न बघता बोलतोय हेही लक्षात ठेवा. त्याच पत्रात हप्ते थकल्याचं किंवा अमुक दिवसांत रक्कम भरा असं काही असेल तर गोष्ट वेगळी, मग ते पत्र वकिलाला दाखवा. पण एवढ्या दोन शब्दांवरून घाबरायचं कारण नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. मी अठ्ठावीस वर्षं बेळगावात कोर्टाचे, बँकांचे आणि रजिस्ट्रेशनचे कागद इंग्रजी, कन्नड आणि मराठीत इकडून तिकडे करतो. या धंद्यात मला सगळ्यात जास्त वेळा फसवलेला शब्द सांगा म्हटलं तर ‘चार्ज’चं नाव पहिलं घेईन. अवघड शब्द कधी फसवत नाहीत, कारण ते दिसले की आपण कोश काढतो. हा घरातलाच वाटतो. मोबाईल चार्जिंगला लावतो, सोनार मेकिंग चार्ज लावतो, हेडमास्तर रजेवर गेले की कुणाकडे तरी चार्ज असतो, चौकात लाठीचार्ज होतो. सीमाभागातल्या पोराला तर हा शेवटचा शब्द शाळेच्या पुस्तकाआधीच कळतो. त्यामुळे ‘हे आपल्याला येतं’ असं वाटतं आणि तिथंच घात होतो.

मूळ अर्थ विचाराल तर तो एकच आहे, आणि अगदी शेतकऱ्याचा आहे: गाडी भरणं. रोमन लोकांनी आजच्या फ्रान्समधल्या केल्टिक गॉल लोकांकडून चाकाच्या मालगाडीला एक शब्द उचलला, ‘कारुस’. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कारिकारे’ हे क्रियापद झालं, म्हणजे गाडीवर माल लादणं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘शार्जिए’सारखं रूप झालं. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर दरबार आणि कचेरीची भाषा फ्रेंच झाली आणि त्या लाटेत जे शब्द इंग्रजीत शिरले त्यांच्यातच तेराव्या शतकाच्या सुमाराला हाही आला. म्हणजे सगळे अर्थ एका बैलगाडीतून उतरलेत असं समजा. ऊस भरलेली गाडी डोळ्यांपुढे आणा, साट्यावर मोळ्या चढतायत, जू बैलांच्या मानेवर दाबत चाललंय. तो दाब म्हणजे चार्ज.

याच गाडीचे आणखी काही नातेवाईक आपण रोज वापरतो. कार तर उघडच. जहाजातला माल तो कार्गो, हा स्पॅनिशमधून आला. उचलून नेणं ते कॅरी. करिअर म्हणजे मुळात गाडीवाट. पोरांना करिअरची काळजी लागलीय म्हणतो तेव्हा खरं तर गाडीवाटेची काळजी लागलेली असते. व्यंगचित्र म्हणजे कॅरिकेचर, तेही इथलंच: इटालियनमध्ये एखाद्याचं नाक, कान नको इतकं ‘लादून’ दाखवणं. एक इशारा. ‘कार’ हा शब्द आपल्या ‘चर’वरून गेला असा एक मजकूर दर दोन महिन्यांनी मोबाईलवर फिरत येतो. तो खोटा आहे. ‘चर’ आणि ‘चक्र’ यांचं इंग्रजीतलं नातं व्हील या शब्दाशी लागतं, कारशी नाही. आणि आपल्या ‘भार’ शब्दाचा सख्खा चुलतभाऊ इंग्रजीत आहे, पण तो चार्ज नव्हे: ‘बर्डन’ आणि ‘बेअर’, म्हणजे वाहणं, सोसणं. हे नातं भाषाशास्त्रात पक्कं मानलेलं आहे. नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर सोयरीक जुळवायची नसते, हे लग्नात खरं आणि शब्दांतही.

आता गाडीवरचा माल उतरून माणसावर कसा चढला ते बघू, कारण तुमच्या वडिलांचं दुखणं तिथं आहे.

ओझं गाडीवर लादतात तसं काम माणसावर लादता येतं. मग ते काम म्हणजे चार्ज, जबाबदारी. आपल्याकडे बदली झाली की ‘चार्ज दिला, चार्ज घेतला’ म्हणतात. मी एका प्राथमिक शाळेतला चार्ज बघितलाय. जाणाऱ्या गुरुजींनी टेबलावर किल्ल्यांचा जुडगा, दोन रजिस्टरं, एक शिक्का आणि वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या ट्रंकेची यादी ठेवली. येणाऱ्यांनी ट्रंक उघडायचा हट्ट धरला. यादीत नकाशे नऊ होते, आत सात निघाले. मग अर्धा तास दोन नकाशांवर वाद. तो सबंध अर्धा तास दोघंही एकच गोष्ट करत होते: सही होईपर्यंत ओझं दुसऱ्याच्या पाठीवर आहे हे दाखवत होते. मराठीने याला पदभार, कार्यभार म्हटलं आणि माणसाला प्रभारी. म्हणजे इंग्रजीत गाडीवरून जे झालं तेच आपल्याकडे ‘भार’वरून आधीच झालेलं होतं.

ओझं पैशाचंही लादता येतं. म्हणून फी, आकार, खर्च या अर्थाने चार्ज. बाजारात आपण म्हणतोच, ‘काय दर लावलास?’ हे ‘लावणं’ आणि ते ‘लादणं’ भाऊच शोभतात. इथं मराठी मात्र एका शब्दावर भागवत नाही. सोनाराचा मेकिंग चार्ज म्हणजे घडणावळ. गिरणीत ते दळणावळ, शिंप्याकडे शिलाई, मालगाडीला भाडं, दवाखान्यात फी. शेजारच्या चंदगडात महावितरणच्या बिलावर फिक्स्ड चार्जला ‘स्थिर आकार’ छापतात, तर आपल्याकडे बिल कन्नडमध्ये येतं आणि माणसं सरळ ‘फिक्स्ड चार्ज’च म्हणतात. मला विचाराल तर घडणावळीला ‘निर्मिती शुल्क’ लिहिणाऱ्या भाषांतरकाराला एक दिवस खडेबाजारात सोनाराच्या पेढीवर बसवावं.

दोषाचं ओझं लादलं की आरोप. आणि इथं बघा, ‘आरोप’ हा शब्दसुद्धा मुळात ओझ्याचाच आहे. वृक्षारोपणात जे आरोपण आहे तेच हे. आरोपण म्हणजे वर चढवणं, बसवणं. मराठीत आरोप ‘ठेवतात’, ठपका ‘ठेवतात’, दोष ‘माथी मारतात’. कन्नडमध्ये तर हे आणखी उघड आहे. तिकडे ‘आरोप होरिसु’ म्हणतात. ‘होरे’ म्हणजे डोक्यावरचं ओझं, ‘होरु’ म्हणजे ते वाहणं आणि ‘होरिसु’ म्हणजे दुसऱ्याच्या डोक्यावर देणं. आपल्याकडे बाजारात जाणाऱ्या बाईला भाऱ्याला हात लावून वर चढवून देतात, तशीच कृती. तुमच्या घरी कुणाला कन्नड येत असेल तर त्याला हे वाक्य म्हणून दाखवा, वडिलांना चार्जचं कुळ लगेच कळेल.

आणि हेच ओझं जमिनीवर लादलं की बोजा. तुमच्या पत्रातला अर्थ हा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०० याबद्दल आहे. सोप्या भाषेत: एकाची स्थावर मालमत्ता दुसऱ्याचे पैसे फिटेपर्यंत तारण धरली, पण त्या मालमत्तेतला हक्क त्याला दिला नाही, तर तो चार्ज. हक्काचा एखादा भाग तारण म्हणून दिला तर ते गहाण, त्याचं कलम ५८. बँकेच्या पत्रात कधी चार्ज असतो, कधी मॉर्गेज, कधी दोन्ही शब्द शेजारी ठेवलेले असतात. यातलं तुमचं कुठलं हे मूळ कर्जाच्या कागदावरच ठरतं, म्हणून मी पैज मारणार नाही. पण दोन्हींत जमीन वडिलांचीच राहते.

आपल्या पहाणीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या सातबाऱ्यासारख्या उताऱ्याच्या, ११ नंबरच्या रकान्यात हक्क आणि ऋणं लिहितात, तिथं हे कर्ज दिसायला हवं. सब-रजिस्ट्रारकडून जी ई.सी., म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट, काढतो तिचं कन्नड नाव तर ‘ऋणभार प्रमाणपत्र’. ऋणाचा भार! इंग्रजी नावापेक्षा हे किती स्वच्छ आहे. गंमत म्हणजे आठवी-नववीच्या विज्ञानात इलेक्ट्रॉनवर ‘ऋण प्रभार’ असतो. कर्जाचं ऋण आणि विजेचं ऋण एकाच अक्षरांत. एका इंजिनियर पोराने ई.सी.वर ‘ऋणभार’ वाचून मला विचारलं होतं, ‘काका, जमिनीला करंट सोडलाय काय?’

विजेचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. बंदूक किंवा तोफ भरणं यालाही इंग्रजीत चार्जच म्हणत, कारण दारू ठासणं म्हणजे लादणंच. सोळाव्या शतकात तुटून पडणं या अर्थाने चार्ज दिसायला लागतो, तो बहुधा या भरलेल्या, रोखलेल्या हत्यारावरूनच आला असावा. आपला लाठीचार्ज त्या शाखेतला. पुढे १७४५-४६ च्या सुमारास लायडन जार निघाला, वीज साठवून ठेवणारी काचेची बरणी. तीही दारूसारखी ठासून भरायची आणि एका फटक्यात सुटायची, म्हणून तिला चार्ज करणं म्हणू लागले. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने १७४९ मध्ये अशा बरण्यांच्या रांगेला बॅटरी म्हटलं, आणि बॅटरी म्हणजे तोवर तोफांची रांग होती. तेव्हा रात्री उशाशी मोबाईल चार्जिंगला लावताना आपण तोफखान्याची भाषा बोलत असतो. बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या माणसांना हे आवडतं, मी सांगून बघितलंय.

ओझं चढतं तसं उतरतंही. ते डिस्चार्ज. आणि इथं मी एकदा सपशेल आपटलोय.

धंद्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ कागद घेऊन आले. वारसाच्या कामासाठी मराठी भाषांतर हवं होतं. इंग्रजीत ‘डिस्चार्ज्ड फ्रॉम सर्व्हिस’ होतं. मी ऐटीत ‘सेवेतून काढून टाकण्यात आले’ असं टाइप करून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ते फळीवर येऊन बसले होते. कागदाची चार घड्यांची पुरचुंडी केलेली. ‘हे काय लिव्हलंस रे पोरा? काढून टाकलं? मी काय चोरी केली? नातू वाचून दाखवालता सगळ्यांसमोर.’ मला शब्द सुचेना. मी म्हटलं, आजोबा, इंग्रजीत तसंच आहे. ते म्हणाले, ‘इंग्रजीत असंल. मी पुरी नोकरी करून पेन्शन घेऊन सुटलोय. सुटलोय, काढलं न्हाई.’

त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि अर्थ त्यांनाच बरोबर कळला होता. खांद्यावरचं ओझं उतरवून मोकळा झालेला माणूस तो डिस्चार्ज. गाडीवरून फेकून दिलेला तो डिसमिस. मी तो कागद नव्याने करून दिला, ‘सेवा पूर्ण करून सेवामुक्त’ असं लिहिलं आणि अर्थात पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून माझी एक सवय पडली. चार्ज दिसला की आधी बोटाने ओळीवर दाखवायचं: ओझं कसलं, कुणी चढवलं, कुणावर. ही तीन उत्तरं मिळाली की मराठी शब्द आपोआप येतो, आणि नाही मिळाली तर कितीही मोठा कोश उपयोगाचा नाही.

इस्पितळातला डिस्चार्ज, कर्जाचा डिस्चार्ज, जहाजाचा डिस्चार्ज सगळे याच हिशोबात बसतात. फौजदारी कोर्टातला डिस्चार्ज मात्र जपून. तिथं आरोप निश्चित होण्याआधीच, पुढे चालवण्याइतका आधार नाही म्हणून सोडतात. खटला चालून निर्दोष सुटणं हे वेगळं. बातमीत दोन्हींना ‘निर्दोष सुटका’ लिहून मोकळे होतात. तसंच चार्जशीटचं. पोलिसांनी तपास करून कोर्टात दिलेला अहवाल तो चार्जशीट. तो पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७३ खाली जायचा, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ खाली जातो. त्यावरून कोर्ट आरोप निश्चित करतं, ती पायरी पुढची. पोलिसांनी ओझं उचलून आणलं, पण ते खांद्यावर ठेवायचं की नाही हे कोर्ट ठरवतं.

तुम्हाला कागद वाचताना लगेच उपयोगी पडेल अशी एक खूण सांगतो. चार्जच्या शेजारचा शब्द बघा. क्रिएट, सॅटिस्फाय, रिलीज असं काही असेल तर मालमत्तेचा बोजा. फ्रेम, प्रेस असेल तर आरोप. लेव्ही, वेव्ह असेल तर पैसे. टेक ओव्हर, हँड ओव्हर असेल तर पदभार. पुढचा शब्द ‘ऑन’ असेल तर बहुतेक वेळा जमिनीकडे किंवा मालाकडे बोट असतं, ‘विथ’ असेल तर दोषाकडे, ‘फॉर’ असेल तर पैशाकडे. हे शंभर टक्के चालत नाही, जुन्या दस्तांत इंग्रजीही वेडंवाकडं असतं, पण दहातल्या नवांना भागतं. एक खड्डा मात्र मी स्वतः पडून बघितलाय. ‘इन चार्ज ऑफ’ म्हणजे ओझं वाहणारा, आणि मध्ये एक ‘द’ घुसला की ‘इन द चार्ज ऑफ’ म्हणजे ज्याचं ओझं दुसरा वाहतो तो. एका अल्पवयीन मुलाच्या कागदात ‘मुलगा काकांच्या ताब्यात, देखरेखीखाली’ असं हवं होतं, मी मुलालाच काकांचा प्रभारी करून टाकलं होतं. मुलगा सहा वर्षांचा होता.

म्हणजे एकच एक मराठी शब्द आहे का? नाही, आणि शोधूही नका. मी मालमत्तेला बोजा लिहितो, कायद्याच्या कागदात पहिल्यांदा ‘बोजा, म्हणजेच प्रभार’ असं आणि नंतर नुसतं बोजा. कोर्टात आरोप किंवा दोषारोप, नोकरीत कार्यभार, विज्ञानात प्रभार, दुकानात ज्या धंद्याचा जो शब्द असेल तो. आणि मोबाईल चार्जच करतो. ‘मोबाईल प्रभारित केला’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

राहिलं तुमचं वाटणीचं काम. वाटणी केली म्हणून बोजा पुसला जात नाही. तो तुकडा ज्या भावाच्या वाट्याला जाईल, त्याच्यासोबत बोजाही जाईल. तेव्हा उरलेलं कर्ज कोण फेडणार हे वाटणीपत्रात स्पष्ट लिहून घ्या, मसुदा वकिलाकडून तपासून घ्या. त्याआधी ताजी पहाणी आणि ई.सी. काढा, म्हणजे बोजा नेमक्या कुठल्या सर्व्हे नंबरावर आणि किती रकमेचा आहे ते दिसेल. कर्ज आधीच फिटलं असेल तर बँकेकडून बोजा सोडल्याचं पत्र मागा आणि ते देऊन नोंद कमी करून घ्या. फिटलेल्या कर्जाचा बोजा उताऱ्यावर तसाच राहिलेला मी पुष्कळदा बघितलाय, कारण पैसे भरल्यावर कागदाच्या मागे कुणी जात नाही. पत्रातलं ते एक वाक्य पुढच्या-मागच्या ओळींसकट उतरवून पाठवलंत, नाव आणि खातं नंबर झाकून, तर चार्ज आहे की मॉर्गेज एवढं मी सांगू शकेन.